मंडळी सोडली म्हणजे प्रभू सोडला का?

"अमक्यांचा मुलगा हल्ली रविवारी मंदिरात दिसत नाही." भुसावळच्या रेल्वे क्वार्टरपासून नवापूरकडच्या पाड्यांपर्यंत, खानदेशातल्या कुठल्याही ख्रिस्ती वस्तीत, जिथे चर्चच्या इमारतीला मंदिर आणि चर्चच्या समाजाला मंडळी म्हणतात, हे वाक्य आवाज जरा खाली आणून बोललं जातं. पोरगा वाया चालला, असं ऐकणाऱ्यानं समजून घ्यायचं असतं. मग वडील पाळकसाहेबांना, म्हणजे मंडळीच्या धर्मगुरूंना, घरी बोलावतात. प्रार्थना होते, चहा होतो, पोरगा मान खाली घालून बसतो आणि पुढच्या रविवारीही येत नाही.

यातले काही खरोखरच श्रद्धेपासून लांब गेलेले असतात. त्यांचा विषय वेगळा. मला बोलायचंय ते दुसऱ्यांबद्दल. हे चार-सहा जण कुणाच्या तरी घरी जमतात, पवित्र शास्त्र (बायबल) वाचतात, प्रार्थना करतात आणि मंदिरात जे विचारता येत नाही ते इथे विचारतात. बायकांनी उपदेश का करायचा नाही? दशांश, म्हणजे कमाईचा दहावा भाग, दिला नाही तर खरंच शाप लागतो का? बाप्तिस्मा न घेता गेलेले आमचे आजे-पणजे कुठे गेले? अमेरिकेत अशा फेरतपासणीला 'डीकन्स्ट्रक्शन' असं नाव पडलंय आणि तिथे त्याचे कडाक्याचे वाद चालू आहेत. आपल्याकडे नाव नाही, पण गोष्ट आहे. अशा लोकांना बंडखोर म्हणणारे भेटतात, तसे 'हेच खरे जागे झालेले' म्हणणारेही भेटतात. दोघंही जरा घाई करतात.

तपासणी नेमकी कशाची?

मंडळीत जन्मलेल्या माणसाच्या हाती सगळं एकत्रच येतं. येशूवरचा विश्वास, पेटीवरची गीतं, सिनेमाला न जाणं, कुंकू न लावणं, येशूच्या दुसऱ्या येण्याची धास्ती, रविवारचा पांढरा शर्ट. सगळं सारख्याच वजनाचं वाटतं. त्यातल्या एकाला हात लावला की बाकीचंही कोसळेल अशी भीती असते, आणि घरातले मोठे ती भीती वाढवतात.

ज्यानं खानदेशातलं धाब्याचं घर पाहिलंय त्याला हे लवकर कळेल. दर पावसाळ्याआधी धाब्यावर खारी माती टाकावी लागते, नाहीतर घर गळतं. वडिलांनी टाकली, आजोबांनी टाकली, त्यांच्या आधीच्यांनीही टाकली. प्रत्येक थर त्या त्या वर्षी गरजेचाच होता. पण वर्षानुवर्षं माती साचत गेली की खालची लाकडं वाकायला लागतात. मग कुणाला तरी वर चढून जुनी माती उतरवावी लागते. उतरवणाऱ्याला एवढं मात्र कळलं पाहिजे, की माती कुठे संपते आणि लाकूड कुठे सुरू होतं.

ख्रिस्ती श्रद्धेत लाकूड म्हणजे येशूचं जगणं, त्याची शिकवण, क्रूस, पुनरुत्थान आणि हे सगळं आपल्यासाठी घडलं अशी पहिल्या शिष्यांची साक्ष. प्रेषित पौलाची पत्रं इ.स. ५०च्या दशकातली. शुभवर्तमानांमध्ये, म्हणजे येशूचं जगणं सांगणाऱ्या चार पुस्तकांमध्ये, सर्वांत जुनं मानलं जातं ते मार्कचं, साधारण ७०च्या आसपासचं. त्यावर श्रद्धासूत्रांचा, म्हणजे काय मानायचं हे ठरवून दिलेल्या मजकुरांचा, थर आहे. येशू स्वतः देव, की देवानं निर्माण केलेला सर्वांत श्रेष्ठ जीव, या वादावर ३२५ साली नायसिया गावी बिशप जमले आणि त्यांनी पहिल्या बाजूनं निकाल दिला. नव्या कराराच्या २७ पुस्तकांची आज आहे तशी यादी पहिल्यांदा दिसते ती अथनेशियस या बिशपच्या ३६७ सालच्या पत्रात. म्हणजे येशूनंतर तीनशे वर्षं मंडळी होती, हुतात्मे होते, बाप्तिस्मे होत होते, पण आज आपण मांडीवर घेतो तशी एका जिल्दीची, एका यादीची पवित्र शास्त्राची प्रत कुणाच्या हाती नव्हती. हे पहिल्यांदा ऐकलं की काहींना धक्का बसतो. पण पत्रं आणि शुभवर्तमानं होतीच, मंडळ्यांतून वाचली जात होती. यादीवर शिक्का उशिरा बसला, एवढंच.

पुढचे थर भराभर सांगतो. १०५४ साली पूर्वेकडची आणि पश्चिमेकडची मंडळी वेगळी झाली. १५१७ पासून लूथरच्या निमित्तानं प्रोटेस्टंट वेगळे झाले. मग त्या प्रोटेस्टंटांचे शंभर फाटे फुटले, आणि त्यातले दोन-तीन फाटे आगबोटीनं आणि रेल्वेनं आपल्याकडे आले. सगळ्यांत वरची माती आपली स्वतःची: चपला बाहेर काढणं, बायका एका बाजूला आणि पुरुष दुसऱ्या बाजूला, नाताळचा बँड. आणि मंडळीत जात नाही असं छातीठोकपणे सांगून सोयरीक जुळवताना पहिला प्रश्न "मूळचे कुठले?" असा विचारणं, हाही त्याच मातीतला.

पेल्यातला रस

एक उदाहरण जवळून पाहू. महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन, म्हणजे येशूच्या शेवटच्या जेवणाची आठवण. ॲल्युमिनियमच्या गोल तबकाला भोकं, भोकांत अंगठ्याएवढे काचेचे पेले. आता बऱ्याच ठिकाणी प्लास्टिकचे. रस मनुकांचा. शनिवारी रात्री पाळकीणबाईंनी काळ्या मनुका भिजवलेल्या असतात, त्या उकळून, कुस्करून, फडक्यातून गाळलेल्या असतात. शेजारच्या ताटलीत कडा काढलेल्या पावाचे बारीक चौकोन. वर क्रोशाची किनार असलेलं पांढरं वस्त्र, आणि ते उचलायचा मान दोन ज्येष्ठ पंचांचा. तबक रांगेतून फिरतं तेव्हा पेल्यांची किणकिण ऐकू येते आणि लहान मुलं आशाळभूतपणे बघत असतात, कारण त्यांना मिळणार नसतो.

यातलं येशूचं किती? भाकर आणि प्याला, आणि "माझ्या स्मरणार्थ हे करा" हे शब्द. पौल साधारण ५५ साली करिंथच्या मंडळीला लिहितो तेव्हा हे आपल्यापर्यंत आधीपासून चालत आलेलं आहे असं सांगतो. हे लाकूड आहे. पण त्या रात्री प्याला सगळ्यांत मिळून फिरला आणि त्यात द्राक्षारस होता, आंबलेला. पुढची अठराशे वर्षं जगभर तोच वापरला गेला. १८६९ साली अमेरिकेत न्यू जर्सीमधल्या थॉमस वेल्च नावाच्या मेथडिस्ट दंतवैद्यानं द्राक्षांचा रस आंबू नये म्हणून तो तापवून बाटलीबंद करण्याची युक्ती काढली, कारण त्याच्या मंडळीला दारूचा थेंबही नको होता. छोटे पेले त्याहून अलीकडचे. रोगजंतूंचा शोध लागल्यावर एका प्याल्यातून सगळ्यांनी पिणं लोकांना भीतिदायक वाटू लागलं आणि १८९०च्या दशकात अमेरिकेत वेगवेगळे पेले निघाले. आपल्याकडे ही तबकं आली ती मिशनऱ्यांबरोबर.

आता घरच्या बैठकीत कुणी ज्वारीची भाकरी मोडून प्रभुभोजन घेतलं की आजी कपाळावर हात मारून घेते. पण जरा विचार करा. पहिल्या तीन शुभवर्तमानांप्रमाणे ते जेवण वल्हांडण या यहुदी सणाचं होतं, आणि वल्हांडणात भाकर बिनखमिराची असते. मग बेकरीतला फुगलेला पाव त्या रात्रीच्या जवळचा, की तव्यावरची भाकरी? (योहानाच्या शुभवर्तमानात दिवस वेगळा पडतो. खमीर असावं की नसावं यावरून १०५४ च्या भांडणात पूर्व-पश्चिमेची चांगलीच जुंपली होती. वाद घालायचाच असेल तर सामग्री भरपूर आहे.) भाकरी चालते असा निकाल मी देत नाही. आजीला धक्का बसला तो नेमक्या कुठल्या थराला हात लागल्यामुळे, एवढं तिला आणि नातवाला दोघांनाही माहीत असावं.

दारूचा मुद्दाही तसाच. आदिवासी पट्ट्यात ख्रिस्ती होणं म्हणजे पहिल्यांदा दारू सोडणं, असं समीकरण आहे. त्याचं श्रेय मिशनला जातं आणि काही अंशी ते बरोबरही आहे. पण १९२२च्या सुमारास दक्षिण गुजरातेतून खानदेशाकडे पसरलेल्या देवी चळवळीतही अंगात आलेली देवी हेच सांगत होती: दारू-ताडी सोडा, मांस सोडा, रोज आंघोळ करा. दारू विकणाऱ्या कलालाच्या कर्जातून सुटायची ओढ आधीपासून होती. मंडळीला ती तयार मिळाली.

खानदेशातच एवढी दुसऱ्या येण्याची धास्ती का?

लहानपणी घरी आलो आणि आई दिसली नाही, की पोटात गोळा यायचा: प्रभू येऊन गेला आणि मी मागे राहिलो! हे मी अनेकांकडून ऐकलंय, जळगावातही आणि नंदुरबारातही. त्यामागे इतिहास आहे.

पश्चिम खानदेशात, म्हणजे आजच्या धुळे-नंदुरबारकडे, विसाव्या शतकाच्या सुरुवातीला काम सुरू केलं ते स्कँडिनेव्हियन अलायन्स मिशननं. तिचा संस्थापक फ्रेड्रिक फ्रॅन्सन हा स्वीडनमध्ये जन्मलेला प्रचारक. त्यानं १८९० साली शिकागोत ही मिशन काढली. येशू कुठल्याही क्षणी येणार, त्याआधी जगाच्या कानाकोपऱ्यात शुभवार्ता पोचली पाहिजे, या तळमळीनं तो माणसं पाठवत होता. पुढे मिशनचं नाव बदललं, पण तळमळ तीच राहिली. भुसावळ-जळगाव-चाळीसगाव या रेल्वेच्या पट्ट्यात आणि वऱ्हाडात ख्रिश्चन अँड मिशनरी अलायन्स होती. तिचा संस्थापक ए. बी. सिम्प्सन याच्या शिकवणीचे चार खांब होते: येशू तारणारा, पवित्र करणारा, बरं करणारा आणि येणारा राजा. चौथा खांब बघा. दोन्ही बाजूंनी आपल्याकडे आलेल्या मंडळ्या येणाऱ्या राजाच्या वाटेकडे डोळे लावून बसलेल्यांनी उभ्या केल्या. मुंबईच्या अँग्लिकन किंवा वसईच्या कॅथलिक घरात वाढलेल्याला ही धास्ती फारशी ठाऊकच नसते.

प्रभू पुन्हा येईल ही श्रद्धा श्रद्धासूत्राइतकी जुनी आहे. मात्र आधी विश्वासी गुपचूप उचलले जातील, मागे राहिलेल्यांवर सात वर्षं महासंकट येईल आणि मग तो उघडपणे येईल, हा दोन टप्प्यांचा आराखडा जॉन नेल्सन डार्बी यांच्या शिकवणीतून १८३०च्या दशकापासून पसरला. १९०९ साली निघालेल्या स्कोफील्डच्या टीपांसह बायबलनं तो अमेरिकेत घराघरात नेला. टीपा त्याच पानावर खाली छापलेल्या असल्यामुळे शास्त्र कुठलं आणि टीप कुठली, हे वाचणाऱ्याच्या लक्षातच राहिलं नाही. दोनशे वर्षांपूर्वी एखाद्या पाळकाला हा तक्ता दाखवला असता तर त्यानं डोकं खाजवलं असतं. आज तो तक्ता न मानणारा पोरगा 'विश्वासातून पडला' ठरतो.

आपल्याकडे हे नवीन नाही

तरुणांना वाटतं आपणच पहिले. मराठीत हे प्रश्न सव्वाशे वर्षांपूर्वीच विचारून झालेत, आणि विचारणारी माणसं साधी नव्हती. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ साली इंग्लंडात वाँटेजला झाला. त्यानंतर दोनेक वर्षांतच त्या तिथल्या धर्मभगिनींशी त्रैक्य (पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव), श्रद्धासूत्रं आणि चर्चचा अधिकार यांवर पत्रांतून वाद घालत होत्या. त्यांच्या म्हणण्याचा मथितार्थ असा, की एका पुरोहितवर्गाच्या जोखडातून मी मोठ्या कष्टानं मान सोडवून घेतली आहे, ती लगेच दुसऱ्या जोखडात घालणार नाही. भगिनींना हा गर्व वाटला. याच बाईंनी पुढे हिब्रू आणि ग्रीक शिकून साध्या बायकांना कळेल अशा मराठीत अख्खं बायबल आणलं. १९२२ साली त्या गेल्या, आणि १९२४ साली ते छापून आलं. प्रश्न विचारणारी माणसं काम करत नाहीत, असं म्हणणाऱ्यांनी रमाबाईंच्या केडगावला जाऊन यावं.

रेव्हरंड नारायण वामन टिळकांचं उदाहरण तर आपल्या विषयाला थेट भिडतं. १८९५ साली बाप्तिस्मा, मग अमेरिकन मराठी मिशनमध्ये वीसेक वर्षं सेवा, अभंग-ओव्यांतून ख्रिस्त मराठीत आणण्याची सगळी धडपड. आणि १९१७ साली मिशनची नोकरी सोडून त्यांनी 'देवाचा दरबार' मांडला. त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघंही येशूचे शिष्य म्हणून एकत्र बसणार होते. मिशनच्या पगारावर नाही, परदेशी रीतीवर नाही. १९१९ साली टिळक वारले आणि दरबार फार पुढे गेला नाही. मला वाटतं, त्याची वीट न् वीट टिळकांवर उभी होती, आणि हीच त्याची अडचण होती. हा मुद्दा पुढे पुन्हा येणार आहे.

यात खानदेशचा एक धागा आहे, तो सहसा कुणी जोडत नाही. धरणगावचे त्र्यंबक बापूजी ठोमरे, १९०७ च्या जळगावच्या कविसंमेलनात ज्यांना 'बालकवी' ही पदवी मिळाली, ते पुढे नगरला टिळकांच्या घरात मुलासारखे राहिले. ते हिंदूच राहिले. टिळकांच्या पत्नी लक्ष्मीबाईंची माया त्यामुळे कमी झाली नाही. बाप्तिस्म्याची रेघ ओलांडल्याशिवायही एका घरात, एका ताटात बसता येतं, हे टिळकांनी दरबार मांडण्याआधी आपल्या घरात पाहिलेलं होतं.

मद्रासकडे १९३८ साली चेंचय्या आणि चक्करई यांच्यासारख्या वकील मंडळींनी हाच विषय मोठ्या पातळीवर काढला. त्या वर्षाच्या शेवटी तांबरमला जगभरच्या मिशनांची परिषद भरणार होती, आणि या भारतीयांचा सवाल होता, की ख्रिस्त हवा हे बरोबर, पण पश्चिमेत घडलेली अख्खी संस्था त्याच्याबरोबर घ्यायलाच हवी का? धर्मगुरू नसलेल्या, शिकलेल्या, कमावत्या गृहस्थांनी हा प्रश्न विचारला याला महत्त्व आहे. पगार मिशनकडून येत असेल तर काही प्रश्न घशातच राहतात.

आजे-पणजे कुठे गेले?

सातपुड्याच्या बाजूला हा प्रश्न सर्वांत आधी येतो, आणि येतो तो पुस्तकातून नव्हे. होळीचा ढोल ऐकू येतो, याहामोगी देवीच्या जत्रेला भाऊबंद निघतात, शेतात नवं धान्य येतं आणि आधी पूर्वजांना दाखवायचं का नाही यावर घरात दोन तट पडतात. अशा वेळी एखादी म्हातारी सरळ विचारते, "पाळकसाहेब, माझा बाप चांगला माणूस होता. त्याला येशूचं नाव कुणी सांगितलंच नाही. तो जळतोय का?" आणि पाळकसाहेब अडखळतात.

हीच वेळ सोळाव्या शतकात फ्रान्सिस झेवियरवर जपानात आली होती. नवे ख्रिस्ती झालेले जपानी लोक आपल्या मेलेल्या आईबापांसाठी रडत होते. त्यांच्यासाठी काही करता येत नाही, असं उत्तर त्यानं दिलं आणि त्यांच्या रडण्याचं आपल्यालाही दुःख होतं, असं १५५२ च्या पत्रात लिहिलं. खानदेशातल्या बहुतेक प्रोटेस्टंट व्यासपीठांवरून आजही याच्याच आसपासचं उत्तर मिळतं. "मार्ग, सत्य आणि जीवन मीच आहे" हे योहानातलं वचन आणि "दुसरं कुठलंही नाव नाही" हे प्रेषितांच्या कृत्यांतलं वचन, या दोन खुंट्यांवर ते टांगलेलं असतं. वचनं खरीच आहेत. अडचण अशी, की ख्रिस्ती परंपरेत या प्रश्नाचं हे एकच उत्तर कधीच नव्हतं, आणि ते मंडळीत कुणी सांगत नाही.

साधारण १५० सालाच्या सुमारास जस्टिन नावाचा शिक्षक, जो पुढे हुतात्मा झाला, असं लिहून गेला की ख्रिस्ताआधी ज्यांनी देवाच्या शब्दाला धरून आयुष्य काढलं, सॉक्रेटिससारखे, तेही एका अर्थानं ख्रिस्तीच. पौल रोमकरांस पत्रात सांगतो की मोशेचं नियमशास्त्र नसलेल्या परराष्ट्रीयांच्या अंतःकरणावर नियम लिहिलेला दिसतो आणि त्यांचा विवेक साक्ष देतो. पेत्राच्या पहिल्या पत्रात ख्रिस्तानं बंदीतल्या आत्म्यांना घोषणा केली, मेलेल्यांनाही सुवार्ता सांगितली गेली, असे दोन गूढ उल्लेख आहेत. प्रेषितांच्या श्रद्धासूत्रातली 'अधोलोकात उतरला' ही ओळ त्याच सुरातली. ज्या मंडळ्यांत आपण ती एका दमात म्हणून टाकतो, तिथेही ती म्हातारीच्या प्रश्नाला लागून आहे हे कुणाच्या ध्यानी येत नाही. कॅथलिक मंडळीनं दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेत, १९६४ साली, स्पष्ट शब्दांत म्हटलं की स्वतःचा दोष नसताना ज्यांना ख्रिस्त कळला नाही, पण जे मनापासून देवाला शोधतात आणि विवेकाप्रमाणे चालतात, त्यांनाही तारण मिळू शकतं. तारण ख्रिस्ताकडूनच, पण त्यांना त्याचं नाव ठाऊक नसताना, असा त्याचा आशय.

यातलं कुठलं मानायचं ते ज्यानं त्यानं ठरवावं. मी स्वतः त्या म्हातारीला "जळतोय" असं सांगणार नाही. न्याय करणारा तिच्या बापाला ओळखतो, मी ओळखत नाही. पण एवढं नक्की, की हा प्रश्न विचारणारा माणूस विश्वास सोडत नसतो. उलट, आपण ज्या देवाला प्रेम म्हणतो तो आपल्या बापाशी कसा वागला, याचा हिशेब तो मागत असतो, आणि बायबलमधल्या स्तोत्रांत असा हिशेब मागणारे बरेच भेटतात. सोबत होळीच्या ढोलाचा प्रश्नही आहेच: ढोल वाजवणं म्हणजे मूर्तिपूजा की आपल्या रक्ताची लय? इथे मी एकाच गोष्टीवर अडतो. हे ठरवायचा पहिला हक्क त्या पाड्यातल्या विश्वासी लोकांचा आहे. धुळ्यात नाहीतर पुण्यात बसून त्यांच्यासाठी यादी करू नये, मिशनऱ्यानंही नाही आणि नव्या विचाराच्या तरुणानंही नाही.

घरातली मंडळी: जमा आणि नावे

घरात जमणं हे मंदिरापेक्षा जुनं. अक्विल्ला आणि प्रिस्किल्ला यांच्या घरातल्या मंडळीला पौल नमस्कार पाठवतो. सीरियात ड्युरा-युरोपोसला मातीखाली सापडलेलं, २४० सालाच्या सुमाराचं घर हे आजवर मिळालेल्या सर्वांत जुन्या ख्रिस्ती उपासनास्थानांपैकी एक. दोन खोल्यांमधली भिंत पाडून जागा मोठी केलेली आणि वेगळ्या खोलीत बाप्तिस्म्याचं कुंड. ३१३ साली रोमन साम्राज्यात मोकळीक मिळाली आणि त्यानंतर मोठ्या इमारतींचा जमाना आला. पौलाच्या वर्णनातल्या सभेत कुणाजवळ गीत, कुणाजवळ शिकवण, कुणाजवळ प्रकटीकरण असतं, सगळे बोलतात. आपल्या रविवारच्या उपासनेत एक जण पाऊण तास बोलतो आणि बाकीचे घड्याळाकडे बघतात. त्यामुळे लहान बैठकीत बाई बोलते, बारावीतला मुलगा बोलतो, मराठीत अडखळणारा मावची या आदिवासी बोलीत बोलतो, तेव्हा काहीतरी हरवलेलं परत मिळाल्यासारखं वाटतं, ते उगाच नाही.

आता नावे बाजू. मंडळीचा कारभार पाहणाऱ्या पंच कमिटीच्या निवडणुकीला कंटाळून माणसं घरात जमतात आणि वर्षभरात त्या घरात एकच पंच उरतो: ज्याचं घर, तो. निवडून आलेल्या पंचाला निदान पाडता येतं. ज्याच्या चटईवर आपण बसतो, ज्याच्या बायकोच्या हातचा चहा पितो, त्याला "भाऊ, तुम्ही फार बोलता" हे कोण सांगणार? मोठ्या संस्थेत अधिकाराचा गैरवापर लपवला जातो, लहान बैठकीत तो ओळखूच येत नाही. टिळकांसारख्या निर्मळ माणसाचा दरबारही एका माणसावर टेकला होता, मग आपली काय कथा. एकच उपाय मला कामाचा वाटतो. घर दर महिन्याला बदलायचं, वाचायला कोण निवडणार ते पाळीनं, आणि ज्याचं घर त्यानं त्या दिवशी शेवटी बोलायचं. कंटाळवाणं आहे, पण टिकतं.

पैसा आणि कागद हा भाग कुणालाच आध्यात्मिक वाटत नाही, म्हणून तिथेच गाडी रुतते. लग्न घ्या. भारतीय ख्रिस्ती विवाह कायदा १८७२ चा. रीतसर दीक्षा झालेला किंवा परवाना असलेला पाळक, नाहीतर विवाह निबंधक, यांनीच लग्न लावायचं. अधिकार नसताना लावणं हा गुन्हा आहे. "आम्ही घरात प्रार्थना करून लावलं" हे प्रभूला चालेल, रेशनकार्डाला आणि पासपोर्टाला चालणार नाही. १९५४ च्या विशेष विवाह कायद्याची वाट मोकळी आहे, फक्त महिनाभर आधी नोटीस द्यावी लागते, हे लग्नाच्या पत्रिका छापल्यावर कळून उपयोग नाही. दफनभूमी बहुतेक जुन्या मंडळीच्या ताब्यात. वर्गणी भरलेली नसेल, नाव सभासदांच्या वहीतून गेलेलं असेल, तर मयत दारात असताना पंचांशी वाद घालायची पाळी येते. आणि बैठकीत नियमित दान जमायला लागलं तर हिशेबाची वही पहिल्या दिवसापासून हवी. रक्कम वाढली की धर्मादाय आयुक्तांकडे सार्वजनिक न्यास म्हणून नोंदणीचा प्रश्न येतोच.

बाप्तिस्म्यालाही कागदाची किनार आहे. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंना, १९५६ पासून शिखांना आणि १९९० पासून बौद्धांना मिळतो. ख्रिस्ती झालेल्या दलिताला मिळत नाही. अनुसूचित जमातीला मात्र धर्माची अट नाही. त्यामुळे नवापूरचा मावची बाप्तिस्मा घेऊन आपला दाखला राखतो आणि भुसावळचा दलित विश्वासी पाण्यात उतरण्याआधी मुलीच्या शिक्षणाचा विचार करतो. त्याला व्यासपीठावरून 'अर्धवट ख्रिस्ती' म्हणणं सोपं आहे, विशेषतः म्हणणाऱ्याचा दाखला सुरक्षित असेल तर. टिळकांनी बाप्तिस्मा न घेतलेल्यांना दरबारात जागा दिली होती, तेव्हा हा आदेश नव्हता. आज ती जागा आणखीच हवी.

म्हणून बरीच शहाणी माणसं दोन्हीकडे पाय ठेवतात. सभासदत्व आणि वर्गणी जुन्या मंडळीत चालू ठेवतात, मुलांना संडे स्कूलला पाठवतात आणि बुधवारी संध्याकाळी घरी जमतात. हा दुटप्पीपणा आहे असं काही तरुणांना वाटतं. मला तसं वाटत नाही. आजारी म्हाताऱ्याच्या उशाशी जाऊन बसणारी, मयताला खांदा द्यायला जमणारी माणसं जुन्या मंडळीतच जास्त आहेत, आणि प्रश्न विचारायची सोय बुधवारी आहे. काही पाळकांनाही हे उमगलंय. माझ्या ओळखीचे एक पाळक बुधवारच्या बैठकीला नेमानं येतात. अट एकच, त्यांना उपदेश करायला सांगायचं नाही.